आक्काचा वरचा जबडा

मी सांगतो ते तुम्हाला पटणार नाही, आणि पटलंच तर तुमच्या अकलेबद्दल मला शंका येईल. आजवर मी पुष्कळ सांगितलंय. सर्कशीतल्या म्हाताऱ्या सिंहाला मी कवळी बसवली आणि तो पहिल्यांदा हसला तेव्हा त्याचा मास्तरच पिंजऱ्यात शिरून कडी लावून बसला, हे सांगितलं. पुरात वाहून गेलेली एक कवळी वाडीच्या घाटावर मगरीच्या तोंडात सापडली, आणि तिला ती इतकी चपखल बसली होती की परत मागायला लाज वाटली, हेही सांगितलं. लोकांनी ते चहाबरोबर पचवलं. पण गेल्या गुरुवारी भर दुपारी एक मेलेला माणूस माझ्याशी बोलला, ही एकच गोष्ट मी शपथेवर सांगायला तयार आहे, तर ती ऐकताना लोक कपाळाला आठ्या घालतात.

मेलेला माणूस म्हणजे जिनगोंडा मगदूम. माझा भागीदार. मिरजेत आम्ही दोघांनी मिळून चौतीस वर्षं दातांची लॅब चालवली. डॉक्टर तोंडाचं माप पाठवायचे, आम्ही कवळी करून द्यायचो. वाटणी पहिल्या दिवशी ठरली ती ठरली: वरचा जबडा जिनूचा, खालचा माझा. एका पेशंटच्या तोंडात दोन माणसांचं काम, पण त्याच्या वरच्या आणि माझ्या खालच्या दातांमधून कधी कागद सरकला नाही. भांडलो असू त्या दिवशीसुद्धा नाही.

जिनूची मुलगी सुप्रभा दातांची डॉक्टर झाली. पुण्याहून डिग्री आणली आणि तिच्याबरोबर एक वेडही आणलं. मोठ्या टेबलावर थर्माकोलचे डोंगर आणि पडक्या इमारती मांडायच्या, बोटाएवढ्या सैनिकांच्या पलटणी उभ्या करायच्या, टेपनं अंतर मोजून त्या पुढे सरकवायच्या आणि फासे टाकून एकमेकांचे सैनिक मारायचे. सैनिक सगळेच माणसं नव्हेत, परग्रहावरचे किडेमकोडेही असतात. दर रविवारी सकाळी लॅबच्या मागच्या खोलीत हे युद्ध चालतं. सैनिक कोरे मिळतात, ते ज्याचे त्यानं रंगवायचे. तीन केसांचा ब्रश धरू शकणारी दोन म्हातारी माणसं घरातच बसलेली, मग सुप्रभा रंगाऱ्याला शोधायला बाहेर कशाला जाईल?

आक्का ही त्या किड्यांची आई. दीड वीत उंच, सहा पाय, पाठीवर खेकड्यासारखं कवच, आणि तोंडात वर एक्केचाळीस, खाली एक्केचाळीस दात. खोक्यावर तिचं इंग्रजी नाव होतं, पण ते उच्चारताना माझी स्वतःची कवळी हलायला लागली, म्हणून आम्ही तिला आक्का म्हणालो. सुप्रभानं सुटे भाग चिकटवून, राखाडी अस्तर मारून ती आमच्यापुढे ठेवली. जिनूनं चष्मा वर केला, तिच्या तोंडात बॅटरी मारली आणि विचारलं, "पेशंटचं वय किती?"

झालं. चौतीस वर्षांची खोड. आम्ही खालचे पहिले चार दात रंगवले ते असे: मानेशी पिवळसर, मध्ये हस्तिदंती, कडेला किंचित पारदर्शक, आणि फटींतून चहाचे डाग. रविवारी अल्ताफ बागवान आला. तो वायरमन, या खेळातला सुप्रभाचा कायमचा शत्रू. आक्काच्या तोंडात बघून म्हणाला, "गुरवकाका, ही परग्रहावरून आली का आपल्या जतहून? हिला बघून भीती वाटत नाही. हिला सुपारी द्यावीशी वाटते."

तरी आम्ही तसंच पुढे चालवलं. पाय, पोट आणि खालचा जबडा मी केला. कवच आणि डोकं जिनूनं. वरचा जबडा तेवढा त्यानं शेवटी ठेवला होता, आणि तो राखाडीच राहिला, कारण गेल्या महिन्यात जिनू झोपेतच गेला.

तेराव्यानंतर सुप्रभानं त्याचा खण आवरला. त्यात चिठ्ठी होती. जिनूचं अक्षर. "आक्काचा वरचा जबडा यशवंतने करू नये. निपाणीच्या पोराकडे पाठवावा."

निपाणीत एक जण आहे, असले पुतळे रंगवून देतो. चांगला असेल. पण चिठ्ठीत 'यशवंत' लिहिलं होतं. जन्मभर ज्यानं मला यशाशिवाय हाक मारली नाही, त्यानं मरताना मला माझ्या रेशनकार्डावरच्या नावानं बाहेर काढलं. का, ते लिहिलं नव्हतं. मला म्हणाल तर त्या चिठ्ठीनं माझ्या पाठीत सुरा घातला, आणि घालणारा असा की आता त्याची गचांडी धरायचीही सोय नाही.

"बाबांची शेवटची इच्छा आहे, काका," सुप्रभा म्हणाली. सोमवारी पार्सल करायचं ठरलं. खोकं आलं, कापूस आला.

मी काय करणार होतो? गुरुवारी दुपारी झोपलो.

पुढचं मी रविवारी सकाळी, खेळ सुरू व्हायच्या आधी, टेबलाभोवती सगळ्यांना सांगितलं. तसंच इथे उतरवतो.

दुपारचा दीड वाजलाय. लॅब एक ते चार बंद. प्लॅस्टरच्या पोत्यांवर सतरंजी टाकून मी आडवा झालोय. पंखा दर फेरीला एकदा कण्हतोय. समोर टेबलावर आक्का. डोळे मिटले की ती थोडी मोठी होते, उघडले की परत दीड वीत. दोनतीनदा असं होतं. मग मी डोळे उघडतो आणि ती लहान व्हायची राहते.

दारात जिनू भिंतीला टेकून चपला काढतोय.

"झोपलास काय रे यशा?"

"पडलोय. तू मेलायस ना?"

"मेलो म्हणून काम थांबतंय व्हय?"

"जेवलास?"

जिनू जन्मभर दिवस मावळायच्या आत जेवला. लग्नाच्या पंगतीतून उपाशी उठून आलाय, पण अंधारात घास घेतला नाही. तो हसतो. "तिकडं दिवस मावळतच नाही मर्दा. कधी थांबायचं तेच कळत नाही."

(इथे अल्ताफ म्हणाला, "मग वजन वाढलं असेल." मी म्हटलं, वाढलंय.)

जिनू येऊन बसतो, पण त्याच्या स्टुलावर नाही, माझ्या. बरणीतून कापसाचा बोळा काढतो, स्पिरिटमध्ये बुडवतो आणि आक्काच्या खालच्या जबड्यातला एक दात पुसतो. माझा दात. मी तीन दिवस घालवलेला. रंग बोळ्यावर उतरतो, दात राखाडी होतो.

"काय करालास?"

"रोजचंच," तो म्हणतो, आणि ब्रशला टोक काढून तोच दात परत रंगवायला लागतो.

"रोजचं म्हणजे?"

"सकाळी सातला येतो. तू दहाला येतोस. तोवर होतंय."

मी उठून त्याचा हात धरायला जातो तर पायाखाली पाणी लागतं. कृष्णेचा घाट. पायऱ्या पांढऱ्या आहेत, कडेला झिजलेल्या, फटींत चहाचे डाग. दात आहेत ते, ओळीनं, नदीत उतरत गेलेले. पाणी हिरडीच्या गुलाबी रंगाचं. जिनू धोतर खोचून उकिडवा बसलाय आणि एकेक पायरी घासतोय. वरच्या पायरीवर मी उभा आहे आणि ती पायरीही त्यानं घासून झालेली आहे.

"किती दिवस चाललंय हे?"

"दोन वर्षं."

"दोन वर्षं माझं काम पुसतोयस?"

"सगळं नाही. जिथं रेघ बाहेर जाते तेवढं. तुझा हात थरथरतो यशा. दाताचा रंग हिरडीवर जातो. आधी महिन्यातून एकदा जायचा. मग रोज."

"मला कळलं नाही."

"कळू दिलं नाही."

तो हे असं सांगतो, जसं कुणी सांगावं की येताना भाजी आणली. नदीवर कुणी कपडे आपटतंय, त्याचा आवाज कवळी मिटल्यासारखा येतोय. टक. टक.

"मला सांगायचं होतंस."

"सांगितलं असतं तर तू ब्रश खाली ठेवला असतास."

"ठेवला असता किंवा नसता. ते मी ठरवलं असतं."

जिनू पायरी घासायचा थांबत नाही.

"तोंड उघडायला गेलो की तू गोष्ट सुरू करायचास," तो म्हणतो. "सिंहाची. मगरीची. दोन वर्षांत तू मला एकदा गप्प बसलेला सापडला नाहीस."

आता आम्ही दवाखान्याच्या बाकावर बसलोय, पण बाक फार लांब आहे, दुसरं टोक दिसत नाही. त्यावर सगळे आमचे पेशंट, नंबर लागल्यासारखे. प्रत्येकाच्या मांडीवर खालची कवळी, रुमालावर ठेवलेली. कवठे महांकाळचे गुरुजी तिथं आहेत. गेल्या वर्षी माझी कवळी लावून त्यांनी कच्चा पेरू खाल्ला होता आणि भर लॅबमध्ये माझे पाय धरले होते. तो पेरू मी वर्षभर मिरवला. आता गुरुजी उठतात, माझ्या पुढून जातात आणि वाकून जिनूच्या पायांना हात लावतात. मागचा उठतो, तोही तिकडेच. त्याच्या मागची बाईही. माझ्याकडे कुणी बघत नाही, रागानंसुद्धा नाही.

मी जिनूला विचारतो, "गुरुजींचा सेट कुणी केला?"

तो आपल्या पायांकडे बघतो.

"जिनू, मी विचारतोय."

"दात तू लावलेस."

"आणि रंग?"

"पेरू तर खाता आला ना त्यांना," तो म्हणतो. "मग कुणी का करेना."

"तसं असेल तर तेव्हाच सांगायचंस. ते माझे पाय धरत होते आणि तू शेजारी उभा राहून टाळ्या वाजवत होतास. मी काय दिसत असेन तुला?"

"खूश दिसत होतास."

(इथे अल्ताफनं हातातले फासे टेबलावर ठेवले. "काका, हे खरं असलं तर वाईट आहे," तो म्हणाला. मी म्हटलं, अजून वाईट पुढे आहे.)

गुरुजींनी जाताना दिवा मालवला असावा. अंधार नाही, पण उजेड लाल आहे आणि ओला आहे. खाली मऊ लागतंय. वर बघतो तर राखाडी दात लोंबतायत, घंटांसारखे, एक्केचाळीस. आम्ही आक्काच्या तोंडात बसलोय. जिनूनं पंचा अंथरलाय आणि वर पाणी सांडलंय तरी तो भिजत नाही.

"चिठ्ठी का लिहिलीस?" मी विचारतो.

"खालचे पुसायला मी होतो. वरचे तू केले असतेस तर पुसायला कोण होतं?"

"म्हणजे?"

"तुझी रेघ बाहेर गेली असती. रविवारी टेबलावर सगळ्यांनी बघितली असती. अल्ताफ काहीतरी बोलला असता. तू हसला असतास आणि घरी जाऊन जेवला नसतास." तो पंच्याची घडी सारखी करतो. "म्हणून लिहिलं."

"माझी अब्रू झाकायला मला हाकललंस."

"असं म्हण हवं तर."

चोरानं येऊन घरात काहीतरी ठेवून जावं आणि त्याला काय म्हणावं हे कळू नये, तसं झालंय. त्यानं माझं काही नेलं नाही. उलट जे माझं नव्हतं ते माझ्या नावावर ठेवत गेला, आणि आता माझं खरंच काय होतं ते शोधायला गेलो तर हाताला काही लागत नाही. दोन वर्षांतला एक दात दाखवता येत नाही, हा माझा म्हणून. वाकडा का होईना.

"वाकडे चालले असते मला," मी म्हणतो. "वाकडे, पण माझे."

जिनू पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघतो. मेल्यावर त्याची बुबुळं फिकट झालीत, पाणी जास्त घातलेल्या रंगासारखी.

"चुकलं," तो म्हणतो.

"एवढंच?"

"एवढंच आहे माझ्याकडे." मग तो कानावरचा ब्रश काढून माझ्या हातात देतो. "घे. वरचा जबडा तू कर. मी बघतो. पुसणार नाही."

"आणि चिठ्ठी?"

"मेलेल्या माणसाची चिठ्ठी कोण वाचतंय. सुप्रभाला सांग, मी मागे घेतली."

मी हात वर करतो. हात थरथरतो. जिनू माझ्या कोपराखाली तळहात धरतो, थंडगार, ओल्या प्लॅस्टरसारखा. मग मी डावीकडून तिसऱ्या दातावर मानेशी पहिला रंग लावतो, पिवळसर. त्यावर हस्तिदंती. कडेला अगदी पातळ, नाही म्हणण्याइतका निळा. आक्का तोंड हलवत नाही. चांगली पेशंट आहे. जिनू माझ्या कानाशी श्वास सोडतो आणि त्याला लवंगेचा वास येतो.

पंखा कण्हला. मी टेबलाशी उभा होतो, पायांत चपला नाहीत, हातात ब्रश. घड्याळात तीन वाजून वीस मिनिटं. दाराशी कुणी नव्हतं. आक्का परत दीड वीत झाली होती आणि तिच्या वरच्या जबड्यात, चाळीस राखाडी दातांमध्ये, डावीकडून तिसरा दात रंगवलेला होता. बोट लावलं. ओला होता.

हे एवढं मी रविवारी सांगितलं आणि पाणी प्यायलो. दात आता वाळला होता, पण होता. सगळ्यांनी वाकून बघितला.

"म्हणजे थोडक्यात," अल्ताफ म्हणाला, "निपाणीला पार्सल करायचं नाही, असं काकांचं म्हणणं आहे."

"माझं नाही. जिनूचं."

"तेच ते."

सुप्रभानं डोळ्याला भिंग लावलं. ती पेशंटच्या तोंडात बघते तशी आक्काच्या तोंडात बघत राहिली, बराच वेळ. आधी तिसरा दात. मग खालची ओळ, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. मग मान वर करून तिनं जिनूनं रंगवलेलं कवच बघितलं, डोकं बघितलं, डोळ्यांच्या कडा बघितल्या. भिंग काढून ठेवलं.

"काका, हात पुढे करा."

"कशाला?"

"करा तर."

मी उजवा हात पुढे केला आणि थोडा हलवला. ती बघत राहिली. अल्ताफही बघत होता. मी आणखी थोडा हलवला. सुप्रभा मला थांबवेना. अशा वेळी माणसानं किती वेळ हात हलवत राहायचं याला काही मर्यादा आहे. शेवटी दंड भरून आला आणि मी थांबलो. बोटं तिच्यापुढे सरळ उभी राहिली, भिंतीत ठोकलेल्या खुंटीसारखी.

"थरथरणारा हात बाबांचा होता," सुप्रभा म्हणाली. "गेल्या वर्षी दिवाळीत मी दवाखान्याची किल्ली इथं विसरले म्हणून सकाळी सातला आले. दार लोटलेलं होतं. बाबांच्या स्टुलावर तुम्ही बसला होतात, काका. स्पिरिटचा बोळा तुमच्या हातात होता. बाबांचं काम तुम्ही पुसत होता."

टेबलावर कुणीतरी एक सैनिक उगाच इकडचा तिकडे केला.

मी म्हटलं, "जिनूला माहीत होतं?"

"पहिल्या आठवड्यापासून," ती म्हणाली. "तुम्ही सांगाल म्हणून दोन वर्षं थांबले. मग चिठ्ठी लिहिली."